आर्डुइनोच्या पोटातलं नाव

आर्डुइनो उनो हा निळा बोर्ड ज्यांनी हाताळलाय त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. बोर्डाच्या एका कडेला काळ्या पट्ट्यांमध्ये भोकं आहेत, त्यांत वायरी खोचायच्या. ० ते ७ ची एक पट्टी, ८ ते १३ ची दुसरी. पट्टीतल्या दोन भोकांमधलं अंतर ०.१ इंच. ब्रेडबोर्ड, झिरो पीसीबी, आयसीचे पाय, सगळीकडे हेच माप चालतं. पण ७ आणि ८ या भोकांमध्ये मात्र ०.१६ इंच आहेत. त्यामुळे झिरो पीसीबी घेऊन उनोच्या डोक्यावर बसेल असं काही बनवायला गेलं की एक पट्टी बसते आणि दुसरी अडते.

ही सुरुवातीच्या आराखड्यातली चूक आहे. ती लक्षात आली तोवर त्या भोकांच्या मापाने 'शील्ड' म्हणवणारे वरून बसायचे बोर्ड तयार झाले होते. चूक सुधारली असती तर ते सगळे निकामी झाले असते, म्हणून चूकच प्रमाण ठरली. नंतरची उनोची प्रत्येक आवृत्ती, आणि चीनमध्ये बनलेली तिची प्रत्येक नक्कल, ती फट इमानाने पाळते.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे अशा फटी मला जवळच्या वाटतात. जुना कोड वाचताना इतिहास असाच सापडतो. एखाद्या फाइलचं नाव बाकीच्यांशी जुळत नाही, एखाद्या शब्दाचा आजच्या कामाशी संबंध लागत नाही, आणि विचारत गेलं की कळतं, इथे पूर्वी दुसरं कुणीतरी राहत होतं. आर्डुइनोच्या कोडमध्ये असं एक बिऱ्हाड आहे. त्याच्या गाभ्यातल्या फाइलींची नावं आहेत 'वायरिंग.सी', 'वायरिंग_डिजिटल.सी', 'वायरिंग_अ‍ॅनालॉग.सी'. २०११ च्या अखेरीस १.० आवृत्ती येईपर्यंत प्रत्येक लायब्ररीच्या डोक्यावर ज्या फाइलचं नाव लिहावं लागे ती होती 'डब्ल्यूप्रोग्रॅम.एच'. त्यातला डब्ल्यू वायरिंगचा. वायर जोडण्याशी या नावाचा थेट संबंध नाही. 'वायरिंग' हा एका माणसाचा प्रकल्प होता.

त्याच्याकडे जाण्याआधी मायक्रोकंट्रोलर ही काय चीज आहे ते बघू.

संगणकाचा प्रोसेसर एकटा काही करू शकत नाही. त्याला मेमरी लागते, प्रोग्रॅम साठवायला जागा लागते, बाहेरच्या जगाशी बोलायला वेगळ्या चिपा लागतात. हे सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं की मायक्रोकंट्रोलर होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० हा १९७४ मध्ये बाजारात आला आणि कॅल्क्युलेटरांत, खेळण्यांत जाऊन बसला. इंटेलचा ८०४८ आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डात होता. १९८० मध्ये इंटेलनेच ८०५१ काढला, आणि या चिपेला भारतातल्या इंजिनियरिंग अभ्यासक्रमात जे दीर्घायुष्य लाभलं ते खुद्द इंटेललाही अपेक्षित नसेल. इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या कित्येक पिढ्या माझिदी नाहीतर अयाला यांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपल्या.

ही सगळी माणसं मात्र इंजिनियर होती. मायक्रोकंट्रोलर वापरणं हे कारखान्यातलं काम होतं. प्रोग्रॅम असेंब्लीत लिहायचा, तो चिपेत 'जाळायला' वेगळा प्रोग्रॅमर विकत घ्यायचा. जुन्या चिपांच्या पाठीवर काचेची खिडकी असे; प्रोग्रॅम चुकला तर ती अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवून पुसायची आणि पुन्हा जाळायची. दिवसाला किती चुका करता येतील याला अशी एक मर्यादाच होती. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यासारखं वाईट काही नाही.

हौशी लोकांसाठी दार पहिल्यांदा किलकिलं केलं ते कॅलिफोर्नियातल्या पॅरलॅक्स कंपनीने. १९९२ मध्ये आलेला त्यांचा बेसिक स्टॅम्प म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखा छोटा बोर्ड. आत पिक जातीचा मायक्रोकंट्रोलर, त्यात बेसिक भाषेचा दुभाष्या आधीच बसवलेला. पीसीवर बेसिकमध्ये लिहा, केबल जोडा, चालवा. नंतरच्या बेसिक स्टॅम्प २ मध्ये चलांसाठी फक्त २६ बाइट जागा होती आणि तो सेकंदाला साधारण ४,००० सूचना पाळत असे. तरी अमेरिकेतल्या हौशी यंत्रमानवांची एक अख्खी पिढी यावर चालायला शिकली. त्याच दशकात एमआयटीत फ्रेड मार्टिनने मोटोरोलाच्या ६८एचसी११ वर हँडी बोर्ड बनवला. त्यावर मोटारी चालवायचे ड्रायव्हर आणि सेन्सरांची भोकं आधीच होती, म्हणजे तो यंत्रमानवासाठीच घडवलेला. १९९८ मध्ये लेगोचा माइंडस्टॉर्म्स आला. त्याचं नाव सीमोर पॅपर्टच्या पुस्तकावरून ठेवलं होतं.

एक वेगळी घटना मात्र नॉर्वेत घडत होती. त्रोन्धाइममधल्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी नव्या मायक्रोकंट्रोलरचा आराखडा केला आणि तो अ‍ॅटमेल या अमेरिकन कंपनीकडे नेला. त्यातून एव्हीआर ही चिपांची जात निघाली. तिचे दोन गुण पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहेत. एक, तिचा आराखडा सी भाषेचा कम्पायलर बनवणाऱ्यांशी सल्लामसलत करून झाला होता, आणि पुढे जीसीसी हा फुकट, मुक्त कम्पायलरही तिच्यासाठी तयार झाला. दोन, प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत राहायचा, आणि नंतरच्या एटीमेगा चिपा स्वतःचीच फ्लॅश स्वतः लिहू शकत. म्हणजे एका कोपऱ्यात 'बूटलोडर' नावाचा चिमुकला प्रोग्रॅम ठेवला तर तो केबलीवरून नवा प्रोग्रॅम घेऊन उरलेल्या जागेत लिहून टाकतो. वेगळा प्रोग्रॅमर नको, दिवा नको, खिडकी नको.

आता इटलीत, इव्रेआला.

तूरिनजवळचं हे गाव ऑलिवेट्टी टाइपरायटरचं. १९०८ पासून ही कंपनी इथे आहे. १९६५ मध्ये तिने प्रोग्रामा १०१ हे टेबलावर मावणारं, प्रोग्रॅम करता येणारं गणकयंत्र काढलं. पुढे कंपनीचे दिवस फिरले, आणि जवळपास ओस पडलेल्या या उद्योगनगरीत टेलिकॉम इटालिया आणि ऑलिवेट्टी यांच्या पैशावर एक डिझाइनची शाळा निघाली, इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूट इव्रेआ. इथे शिकायला येणारे इंजिनियर नव्हते. चित्रकार, वास्तुरचनाकार, डिझायनर होते. त्यांना हात लावला की प्रकाशणाऱ्या भिंती आणि बोलणाऱ्या खुर्च्या बनवायच्या होत्या. मास्सिमो बान्झी त्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. बेसिक स्टॅम्प महाग होता, ताकदीने कमी होता, आणि डिझायनरांच्या हातात असायचे मॅक.

या शाळेत एर्नान्दो बारागान हा कोलंबियाचा विद्यार्थी होता. २००३ मध्ये त्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी हाच प्रश्न घेतला: इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसाला मायक्रोकंट्रोलर वापरता येईल असं काय करता येईल? मार्गदर्शक दोन, बान्झी आणि केसी रीस. रीसने बेन फ्रायबरोबर २००१ मध्ये एमआयटीत 'प्रोसेसिंग' सुरू केलं होतं, कलाकारांना प्रोग्रॅमिंग यावं म्हणून. त्यात प्रोग्रॅमला 'स्केच' म्हणत. खिडकी एकच, बटणं मोजकी, लिहा आणि चालवा. बारागानने हा साधेपणा स्क्रीनवरून चिपेवर आणला. आधी एक-दोन वेगळ्या चिपांवर प्रयोग केले आणि शेवटी एव्हीआर जातीच्या एटीमेगा१२८ वर स्थिरावला.

त्याने नेमकं काय केलं ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना चटकन समजेल, बाकीच्यांसाठी सांगतो. चिपेचा एखादा पाय चालू करायचा तर खरं म्हणजे एका रजिस्टरातला एक विशिष्ट बिट १ करावा लागतो. कुठल्या पायासाठी कुठला रजिस्टर, कितवा बिट, हे कंपनीच्या कित्येक पानी डेटाशीटमध्ये शोधायचं. तेच काम चिप बदलली की नव्याने. बारागान म्हणाला, पायांना सरळ क्रमांक द्या, आणि 'पिनमोड', 'डिजिटलराइट', 'अ‍ॅनालॉगरीड', 'डिले' अशी चार माणसांना कळतील अशी क्रियापदं द्या. प्रोग्रॅमचे दोन भाग: 'सेटअप' एकदा चालेल, 'लूप' वीज असेतो चालत राहील. झालं. २००४ मध्ये प्रबंध पूर्ण झाला, त्याला विशेष प्रावीण्याचा शेरा मिळाला. प्रकल्पाचं नाव वायरिंग.

आज जगभरातल्या शाळांमध्ये पोरं दिवा लुकलुकवण्याचा जो पहिला प्रोग्रॅम लिहितात त्यातलं जवळजवळ प्रत्येक क्रियापद हेच आहे.

२००५ मध्ये बान्झी, डेव्हिड मेलिस नावाचा तिथलाच दुसरा विद्यार्थी आणि डेव्हिड क्वार्तिएलेस हा स्पॅनिश इंजिनियर यांनी वायरिंगचा कोड घेतला, त्यात एटीमेगा८ या बऱ्याच स्वस्त चिपेची सोय केली, आणि वेगळी वाट धरली. टॉम आयगो आणि बोर्डांचं उत्पादन करणारा जानलुका मार्तिनो हेही आले. नव्या प्रकल्पाला नाव दिलं गावातल्या एका बारवरून. बारचं नाव 'बार दी रे आर्दुइनो', आणि बारला ते मिळालं आर्दुइनो राजावरून. हा इव्रेआचा सरदार १००२ मध्ये इटलीचा राजा झाला आणि दोनच वर्षांत जर्मन हेन्रीने त्याच्या डोक्यावरचा मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. नावं ठेवताना माणसं इतका विचार करत नाहीत, पण या प्रकल्पाला हे नाव चपखल बसलं, ते पुढे येईलच.

बारागानला या नव्या प्रकल्पात बोलावलं गेलं नाही. तो कोलंबियाला परतला आणि वायरिंग पुढे चालवत राहिला.

इथे बेइमानी झाली का? वकिलाला विचाराल तर नाही. वायरिंग मुक्त परवान्याखाली होतं. कुणीही घ्यावं, बदलावं, नव्या नावाने द्यावं. आर्डुइनोच्या श्रेयनामावलीत वायरिंगचा उल्लेखही आहे. शिवाय बारागानसुद्धा प्रोसेसिंगच्या खांद्यावर उभा होता, आणि प्रोसेसिंग त्याआधीच्या जॉन माएडाच्या 'डिझाइन बाय नंबर्स'च्या. ही साखळी खरी आहे. पण दोन कड्यांमध्ये फरक आहे. प्रोसेसिंग करणारा रीस वायरिंगचा मार्गदर्शक होता, घरातलाच होता. वायरिंग करणारा बारागान मात्र आर्डुइनोच्या घराबाहेर होता, आणि त्याचा शिक्षक आत. प्रबंध विद्यार्थ्याचा, प्रसिद्धी मार्गदर्शकाची ही तऱ्हा आपल्याकडच्या विद्यापीठांमध्ये पीएचडी करणाऱ्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. पुढे वर्षानुवर्षं मुलाखतींत, लेखांत, व्याख्यानांत आर्डुइनोची जन्मकथा सांगितली गेली. तीत बार असायचा, राजा असायचा, पाच संस्थापक असायचे. बारागान असलाच तर एका वाक्यात.

तरीही आर्डुइनोच्या मंडळींचं काम कमी लेखता येणार नाही, आणि ते मी लेखतही नाही. किंमत पाडणं हे दुय्यम काम नसतं. तीसेक डॉलरांच्या आत बोर्ड मिळाला पाहिजे हा हट्ट त्यांचा. शाळा बंद पडायला आली होती. आपलं काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणून त्यांनी बोर्डाचा आराखडाच सगळ्यांना खुला केला. सॉफ्टवेअर मुक्त देणं तेव्हा रूढ होतं, पण हार्डवेअर? त्याला धाडस लागलं. २००७ च्या बोर्डाचं नाव दिएचिमिला, इटालियनमध्ये दहा हजार, कारण दहा हजार बोर्डांचा टप्पा आला होता. २०१० मध्ये उनो आला: १६ मेगाहर्ट्झ, ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. हा आकडा किती लहान आहे ते देवनागरीत मोजून बघा. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं. उनोच्या रॅममध्ये या लेखातले एक-दोन परिच्छेद मावतील, आणि अख्खा लेख तर बहुधा फ्लॅशमध्येही मावणार नाही. एवढ्याशा जागेत लोकांनी थ्रीडी प्रिंटर चालवले, ड्रोन उडवले, खराद आणि मिलिंगची यंत्रं हलवली.

आमच्याकडे तो पोचला तेव्हा त्याचं स्वागत संमिश्र झालं. महाराष्ट्रात यंत्रमानवांची हौस त्याआधीच मुरली होती. आशियाई प्रक्षेपण संघटनेची रोबोकॉन स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली आणि तिचा विषय होता 'गोविंदा'. अख्ख्या आशियातल्या विद्यार्थ्यांनी दहीहंडी फोडणारे यंत्रमानव बनवून आणले! २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली, या वेळी आईबाप यंत्रमानव आपल्या लेकरू यंत्रमानवाला झोपाळ्यावर आणि सी-सॉवर खेळवत होते. मुंबईत आयआयटीच्या ई-यंत्र प्रकल्पाने फायरबर्ड ५ हा एटीमेगा२५६० वरचा यंत्रमानव कॉलेजांत पोचवला. तेव्हा एव्हीआर नवी नव्हती. नवं होतं ते तिच्यापर्यंत डेटाशीटविना पोचणं.

मी इंजिनियरिंगला होतो तेव्हा प्रयोगशाळेत ८०५१ आणि वसतिगृहात आर्डुइनो अशी विभागणी होती. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत आर्डुइनो दिसला की परीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडत: "हे खेळणं आहे, यात तुम्ही काय केलंत?" तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर नकली उनो चार-पाचशे रुपयांत मिळायचा, अस्सल त्याच्या कितीतरी पट. 'नकली' हा शब्दही तसा बरोबर नाही. आराखडा खुला असल्याने तो बनवण्यात गुन्हा नव्हता, फक्त आर्डुइनो हे नाव त्यावर छापायला बंदी होती. ते सर्रास छापलेलं असायचं. अस्सल बोर्डावर यूएसबीसाठी अ‍ॅटमेलची चिप, यावर सीएच३४० नावाची स्वस्त चिनी चिप. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून खोल्याखोल्यांत फिरायचा.

त्या परीक्षकांचा प्रश्न अगदीच फोल होता असं मला वाटत नाही. एक उदाहरण देतो. पहिला यंत्रमानव बहुतेकांचा एकच असतो, काळ्या पट्टीवरून चालणारा लाइन फॉलोअर. पुढे दोन-तीन इन्फ्रारेड सेन्सर, मागे एल२९३डी चिपेवरून दोन मोटारी, वेग कमीजास्त करायला ९ आणि १० या पिनांवरून पीडब्ल्यूएम. तो छान धावतो. मग कुणाला वाटतं, याला मान हलवणारा सर्वो लावू. सर्वोची लायब्ररी जोडली, एक ओळ लिहिली, आणि मोटारींचा वेग हाताबाहेर गेला. वायरी तपासा, बॅटरी बदला, एल२९३डी जळाली असेल म्हणून नवी आणा. कशाने काही होत नाही. कारण असं की चिपेच्या आतलं टायमर १ नावाचं घड्याळ ९ आणि १० या पिनांचा पीडब्ल्यूएम चालवतं, आणि सर्वोची लायब्ररी तेच घड्याळ स्वतःकडे ओढून घेते. बारागानच्या सुंदर क्रियापदांमागे चिप जशीच्या तशी बसलेली आहे. ज्याने ८०५१ चे टायमर हाताने लावलेत तो पाच मिनिटांत हे ओळखतो, बाकीच्यांची रात्र जाते. तसंच 'डिजिटलराइट'चं. चिपेला थेट सांगितलं तर दोन चक्रांत होणारं काम ते कित्येक डझन चक्रांत करतं, कारण वाटेत कोष्टकं बघत जातं.

मात्र त्या रात्रीनंतर डेटाशीट उघडणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि ती स्वतःच्या गरजेने उघडत होती. ८०५१ च्या तासाला डेटाशीट आधी यायचं, गरज कधी यायचीच नाही. परीक्षेला 'डिले सबरूटीन लिहा' हा प्रश्न ठरलेला. त्या डिलेने कुठलं चाक थांबवायचंय हे कुणी विचारत नसे. आर्डुइनोने हा क्रम उलटा केला. माझ्या मते त्याची खरी कमाई ही आहे, आणि तिचा मोठा वाटा बारागानच्या प्रबंधाचा आहे.

घरातलं भांडण नंतर बाहेर आलं. पाच जणांनी मिळून २००८ मध्ये अमेरिकेत आर्डुइनो एलएलसी काढली. बान्झीने पुढे सांगितलं त्याप्रमाणे, त्याच वर्षाच्या अखेरीस मार्तिनोच्या उत्पादक कंपनीने इटलीत आर्डुइनो हे नाव स्वतःच्या नावे नोंदवून टाकलं, बाकी चौघांना न सांगता. २०१५ मध्ये प्रकरण चव्हाट्यावर आलं. काही काळ दोन आर्डुइनो कंपन्या, दोन संकेतस्थळं असा प्रकार होता. बान्झीच्या गटाला अमेरिकेबाहेर 'जेनुइनो' असं दुसरं नाव घेऊन बोर्ड विकावे लागले. आराखडा खुला, कोड खुला, मग भांडायला उरलं काय? नाव. १००२ सालच्या राजाला यात नवं काही वाटलं नसतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये समेट झाला.

त्याच २०१६ मध्ये बारागानने 'आर्डुइनोचा न सांगितलेला इतिहास' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख स्वतः लिहून प्रसिद्ध केला. त्यात आरडाओरडा फारसा नाही. तारखा आहेत, जुन्या बोर्डांचे फोटो आहेत, सुरुवातीचा कोड आहे. कुठलं क्रियापद कधी, कशासाठी केलं ते आहे. लोक तो वाचून हळहळले, विकिपीडियावर त्याला जागा मिळाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पुन्हा एकदा सगळ्या बातम्यांत इव्रेआचा बार आला. बारागान फार थोड्यांत होता.

'डब्ल्यूप्रोग्रॅम.एच' १.० नंतर 'आर्डुइनो.एच' झाली आणि प्रोसेसिंगकडून आलेलं '.पीडीई' हे शेपूट काढून '.इनो' लावलं गेलं. 'वायरिंग.सी' मात्र राहिली. एव्हीआर बोर्डासाठी आर्डुइनो स्थापित केला की संगणकावर 'कोअर्स' नावाच्या फोल्डरात ती येते. उघडून बघा, 'मिलिस' आणि 'डिले' तिथेच लिहिलेले आहेत.